प्रश्नचिन्हासह नोंद

भरती आज सात वाजून बावीस मिनिटांनी.
छापील तक्ता खिशात आहे, तरी मी तिथीवरून काढून बघते.
मामाची तर होती दाभोळच्या खाडीत,
तो म्हणायचा, तिथीला पाऊणकी लाव, की पाणी कळलं.
वद्य प्रतिपदा, म्हणजे पाऊण.
इथे वॉशच्या किनाऱ्यावर त्यात साडेसहा मिळवायचे.
सव्वासात.
सात मिनिटांची चूक मामा चालवून घेईल.

आठवडाभर मी किंग्ज लिनमध्ये गोळ्या मोजते,
औषधांच्या दुकानात, पाच-पाचच्या रांगेत, चपट्या सुरीने.
रविवारी पाखरं.
पाखरं पाच-पाचच्या रांगेत उभी राहत नाहीत.

पाणी चढतं तसा चिखल आखडत जातो
आणि सगळ्यांनाच मागे सरकावं लागतं, खोपटाच्या दिशेनं, माझ्या दिशेनं.
आधी डनलिन, सुपातून पाखडल्यासारखे,
वळले की पांढरे, पुन्हा वळले की नाहीतच.
मग कालवफोडे, लाल चोचींचे,
पंगतीत पाट अडवायला आलेल्या सोयऱ्यांसारखे ओरडत.
आणि सर्वांत शेवटी, पोटाला पाणी लागेपर्यंत न हलणारे
पाणटिवळे.

विनिफ्रेड थर्टलनं मला मोजायला शिकवलं.
चाळीस वर्षं डबाबंद वाटाण्याच्या कारखान्यात, आणि चाळीस हिवाळे इथे.
पंजा थव्यासमोर धर, म्हणाली,
एका बोटामागे किती झाकले ते मोज, मग बोटं मोज.
आणि मोजताना जीव लावू नकोस, आकडा फुगतो.

आता तिच्या डोळ्यांच्या मध्यभागी एक राखाडी डाग आहे.
जिथे बघेल तिथलंच दिसत नाही.
म्हणून मी खोपटातून फोन लावते
आणि वाचून दाखवते: कालवफोडे बाराशे दहा,
पाणटिवळे तीनशे चाळीस, पोटावर विटकरी चढायला लागलीय,
महिनाभरात जातील आइसलँडला.
ती विचारते, आणि पाय?

पाय म्हणजे कडी.
डाव्या पायात नारिंगी, खाली पांढरं. उजव्यात हिरवं, खाली पिवळं.
ते तिनं स्वतः घातलेलं, एका ऑगस्टच्या रात्री,
जाळ्यातून काढून, मुठीत धरून.
अठरा हिवाळे तो आला. अठरा वेळा वहीत तेच चार रंग.
गेली दोन वर्षं ती ओळ कोरी आहे.

आज दुर्बिणीत एक पाय वर आला, चिखल झटकला:
नारिंगी, पांढरं.
मी श्वास धरला. दुसरा पाय पाण्यात.
आठ मिनिटं तो चोच पिसांत खुपसून एका पायावर झोपला,
फोनवर विनिफ्रेड, तिच्या स्वयंपाकघरातल्या किटलीची शिट्टी,
आणि आमच्यामध्ये कुणीच काही बोलत नव्हतं.

मग दुसरा पाय. हिरवं.
खाली काहीच नाही.
झिजून पडलं असेल एखाद्या दगडी ओढ्यात, तिकडे उत्तरेत.
हिरव्याखाली पिवळं असलेला तिचा एक.
हिरव्याखाली निळं, लाल, काळं, असे त्याच साली घातलेले आणखी तिघे,
वहीत तिच्याच अक्षरात.

मी म्हणू शकले असते, पिवळं आहे.
तिला कोण तपासू देणार होतं?
औषध मोजणाऱ्या माणसाला खोटं बोलताना
हाताच्या बोटांत काहीतरी होतं, ते झालं.
मी म्हटलं, चौथं कडं नाहीये, विनी.

किटली कुणीतरी उतरवली.
बऱ्याच वेळानं ती म्हणाली,
चालताना उजवीकडे जरा झुकतो का?
मी बघितलं. सगळेच झुकत होते, वारा तिकडचा होता.

लिही, म्हणाली, तीन रंग,
आणि पुढे प्रश्नचिन्ह टाक. पेन्सिलीनं नको.

मी लिहीत होते तेवढ्यात ससाण्याची सावली पडली असावी,
मला ससाणा दिसला नाही, फक्त तीनशे चाळीस उठले,
पांढरे पट्टे, काळ्या शेपट्या, पाय मागे लांबवलेले,
त्या पायांतले रंग इतक्या अंतरावरून कुणालाच वाचता येत नाहीत.
फोन मी खिडकीबाहेर धरला.
आवाज ऐकून ती तिकडून म्हणाली,
तीनशे पन्नास तरी असतील.