तिसरी पाळी

नाव वाल्मीकनं ठेवलं.
त्याची दुसरी पाळी अकराला सुटायची,
साडेअकराला आम्ही आतून शटर ओढून घ्यायचो
अंबडच्या एका बंद पडलेल्या पावडर कोटिंगच्या शेडमध्ये.
भिंतींना, पंख्याला निळी भुकटी होती,
पहिल्याच महिन्यात ती माझ्या कीबोर्डच्या
पांढऱ्या पट्ट्यांतही जाऊन बसली.
अजून निघते, कापूस फिरवला की.

नियामतचा सॅक्सोफोन वरातीतला, तोंडाशी पोचलेला.
वडील भद्रकालीत ब्रास बँडचे मास्तर.
त्यांची अट एकच होती: लग्नसराईत हे धंदे नाहीत.
उपेंद्र बोरस्तेचा बेस
द्राक्षाच्या एका चांगल्या सालात घेतलेला.
वाल्मीक ढोलपथकातून आलेला,
त्याला हळू वाजवणं म्हणजे खोटं बोलल्यासारखं वाटायचं.
आणि मी शरणपूर रोडच्या चर्चमधली,
पायपेटीवर शिकलेली,
दर रविवारी साडेआठच्या उपासनेला हजर.

डिस्को आम्हाला वाल्मीकनं समजावला:
पॉवर प्रेस.
ठक. ठक. ठक. ठक.
आठ तास. मध्ये बोट आलं तरी थांबत नाही.
फंक उपेंद्रला मुळातच येत होतं.
कुठे गप्प बसायचं हे त्याला कळायचं,
थोरल्या भावाच्या घरात जेवणाऱ्याला कळतं तसं.
आणि जॅझ?
नियामत म्हणाला, सूर चुकला ना,
तर पुढच्या फेरीत तोच चुकव, तिथेच चुकव.
लोक माना डोलवतात.

पहिला कार्यक्रम गंगापूर धरणाकडच्या एका वायनरीत.
मॅनेजर दोनदा येऊन गेला:
जरा हळू घ्या, पाहुण्यांना बोलता येत नाहीये.
मग एक चिठ्ठी आली: वरातीतलं काहीतरी होऊन जाऊ द्या.
नियामतनं ती वाचली, घडी घातली,
आणि त्याच्या वडिलांच्या शपथेवर सांगते,
त्या रात्रीसारखा तो पुन्हा कधी वाजला नाही.

सीडी काढली. पाचशे प्रती. दोन रात्रींत रेकॉर्ड केलेली.
तिसऱ्या तुकड्यात त्र्यंबक रोडवरच्या ट्रकचा हॉर्न शिरलाय,
नेमका कोमल निषाद.
राहू दिला.
पुण्यात चाळीस माणसं होती.
बंगळुरात तीनशे, आणि ती उभी राहून नाचली,
अनोळखी माणसं, आमच्या शेडमधल्या ठोक्यावर,
मला वाजवता वाजवता हसूच आवरेना.
दुसऱ्या दिवशी पेपरात आलं: मुंबईचा बँड.
वाल्मीकनं मुंबई पेनानं खोडलं, वर नाशिक लिहिलं,
आणि घरी आल्यावर ते कात्रण लॅमिनेट केलं,
खोडाखोडीसकट.

भांडण झालं असतं तर सांगायला बरं होतं.
मेलंही कुणी नाही. वाल्मीकची बोटं दहाच्या दहा आहेत.
त्याला प्रमोशन मिळालं.
सुपरवायझर. जनरल शिफ्ट. साडेआठ ते पाच.
रात्री दहाला झोपायला लागला तो, माणसासारखा.
शेडमध्ये कुणीतरी टाइल्सचं गोडाऊन टाकलं.
नियामत आता मास्तर आहे, बावीस माणसांना गणवेश शिवतो.
मी क्लास घेते. रविवारी पायपेटी.
कधीतरी गीताच्या तिसऱ्या कडव्यात
डावा हात आपोआप थोडा उशिरा पडतो,
पाळक चष्म्यावरून बघतात,
आणि दुसऱ्या बाकावरच्या मार्थामावशींची चप्पल
हलू लागते.

परवा दिंडोरीला उपेंद्रच्या बागेत जमलो, चौघं.
माळ्यावरच्या उरलेल्या सीड्या त्यानं
दोऱ्यांनी ओळीत टांगल्यात, पाखरं येऊ नयेत म्हणून.
वाऱ्यानं फिरतात.
पानांवर, घडांवर, नियामतच्या मेंदी लावलेल्या दाढीवर
उजेडाचे ठिपके गरगरतात.
पाखरं येतातच.
एक बुलबुल आमच्या शेजारीच निवांत मणी फोडत होता.
उपेंद्र म्हणाला, हे आपलं पब्लिक. जात नाही.

कुणी फारसं बोललं नाही.
वाल्मीक रिकाम्या क्रेटवर ठोका धरून बसला होता,
कधी सुरू केला कोण जाणे.
नियामत त्याच्याकडे न बघता म्हणाला,
घाई करतोयस.