तिसरं पाणी

लडी पिळताना अण्णा सांगायचे,
पहिलं पाणी रंगाचं,
दुसरं मिठाचं,
तिसरं निवळ आलं पाहिजे.
निवळ आलं की रंग पक्का.
मग विणा, नेसा, लेकीला द्या.

वडगावात आमच्या गल्लीत माग घरोघरी,
रंगाची भट्टी एकच, मुतगेकरांची.
पहाटे चारला अण्णा तिथं वाफेत उभे.
त्यांच्या नखांवरून आम्ही ओळखायचो
कुणाच्या लग्नाचा बस्ता निघालाय,
राणी, वांगी, की पोपटी काठ.
भाकरीचा पहिला तुकडा त्याच रंगाचा व्हायचा.
आई म्हणायची, हात तरी धुवा नीट.
धुतलोय की, ते म्हणायचे.
ह्यो आतला हाय.

कढईतलं मीठ ते जिभेवर बघायचे.
बोट बुडवून, डोळे मिटून,
आमटी बघावी तसं.
शेठनी काटा आणला होता मापाचा.
काट्यापेक्षा अण्णांची जीभ खरी निघाली
ही गोष्ट आम्ही किती वेळा ऐकली असेल.

गेल्या मार्गशीर्षात लघवी लाल झाली.
घाबरले नाहीत.
कच्चा लाल हाय, म्हणाले, उतरालाय.
तांब्याभर पाणी प्याले आणि
परसात मोजत राहिले.
पहिलं. दुसरं.
तिसरं निवळ आलं.
आत येऊन हसून सांगितलं आईला.
असं चार महिने निवळत राहिलं,
पुन्हा लाल, पुन्हा निवळ,
आणि आम्हीही तिसऱ्या पाण्यावर विश्वास ठेवला.

तंबाखू? दवाखान्यात विचारलं.
नाही.
विडी, गुटखा, दारू?
अण्णा ताठ बसले,
मास्तरांनी पाठ थोपटल्यागत.
जन्मात सुपारीचं खांड तोंडात टाकलं नाही, साहेब.
धंद्याच्या रकान्यात बाईंनी लिहिलं, कूली.
मी म्हटलं, कूली नव्हे, रंगारी.
बण्णगार, बाई.
त्यांनी कागद माझ्याकडं फिरवला.
तेवढी जागाच नव्हती रकान्यात.

एक पोरगेला डॉक्टर मात्र
रिपोर्ट बाजूला ठेवून नखं बघत बसला.
किती वर्षं?
चौतीस.
रंग कुठला यायचा, ड्रमवर काय लिहिलेलं असायचं?

ड्रमवर.
ड्रम आमच्या परसातच आहे की.
शेठनी रिकामा दिला तेव्हा
अण्णांनी सायकलला बांधून आणला होता.
त्यावरची अक्षरं आमच्या घरात कुणाला लागली नाहीत.
खाली एक कवटी होती, ती सगळ्यांना लागली.
पाण्याच्या भांड्यावर असलं चित्र नको, आई म्हणाली,
आणि नारळाच्या शेंडीनं, राखेनं
घासून घासून तिनं कवटी काढून टाकली.
आठवड्यातनं एकदा नळ येतो आमच्याकडं.
सात उन्हाळे त्या ड्रमनं काढून दिले.
हे मी डॉक्टरांना सांगितलं नाही.
आईकडं बघितलं,
ती पंख्याकडं बघत होती.

परवा बसू आला,
अण्णांच्या जागी आता तोच, एकोणीसचा.
कुंद्याचा डबा घेऊन आला,
डबा धरायला दोन्ही हात वांगी.
भट्टीचं बोलणं झालं, शेठच्या गाडीचं झालं.
मग अण्णांनी विचारलं,
मीठ कसं बघतोस रे?
बसू लाजला.
जीभ बाहेर काढून दाखवली.
टोक वांगी.

अण्णा बराच वेळ काही बोलले नाहीत.
मग मला म्हणाले, ट्रंकेतले मोजे आण.
एका दिवाळीला शेठनी दिलेले,
चांगले आहेत म्हणून ठेवून दिलेले,
आणि मोज्यात लडीचा ताण कळत नाही म्हणूनही.
रबर एकमेकाला चिकटलेलं.
सोडवताना उजवा फाटला.

बसूनं डावा घातला,
अण्णांना बरं वाटावं म्हणून असेल,
आणि त्याच हातानं डबा उघडून
त्यांच्यापुढं धरला.
घ्या अण्णा, म्हणाला, ताजा हाय.