माप

सिदी इफ्नीच्या दक्षिणेला, ओहोटी लागली की
बाबा मला माप म्हणून उभं करायचे:
तांबड्या कमानीच्या डाव्या पायाशी,
टाच दगडाला टेकवून, हात खाली, हसायचं नाही.
"तू हसलीस की लोक तुलाच बघतात."

गावात तिला पाणी पिणारी सांडणी म्हणत.
शिंपले खरवडून परतणाऱ्या बायका
डोक्यावर टोपली, तरी तिच्या पोटाखालून जाताना
मान लववत. वर दहा माणसं
एकावर एक उभी राहतील एवढी जागा होती.

वर्षाला एक फोटो, बदाम फुलले की.
तिवईचे पाय खडकातल्या त्याच तीन खाचांत.
खाचा त्यांनीच पाडलेल्या, छिन्नीनं;
आणि वारा दगड खातो म्हणून
वाऱ्याला नावं ठेवायचे.

पहिल्या फोटोत मी चिमुटभर.
सातव्यात वाळू चढलेली, म्हणून मी उंच.
अकराव्यात वाळू गेली, मी पुन्हा बुटकी.
आई म्हणाली, पोरीची वाढ खुंटली की काय?
बाबा फोटोवर भेग दाखवत होते.
मी केस समजून फुंकर मारली.

एकोणिसाव्यात शेजारी हम्मू आहे.
लग्न ठरलेलं. बाबा म्हणाले,
"उभा राहू दे. पण कडेला."
तो अर्धाच आलाय.

अंधारखोलीत मात्र सगळं उलटं:
दगड फिकट, धुरासारखा,
आणि मधलं भोक काळं, भरीव, जड,
जणू इतकी वर्षं
त्याचाच फोटो काढत होतो आम्ही.

ती पडली एका मंगळवारी, रात्री.
पाहिलं कुणीच नाही.
ताउदा म्हातारीला वाटलं, दूर कुठे ट्रक उलटला.

बाबांनी सकाळी तिवई खाचांत बसवली.
म्हणाले, "जा, उभी राहा."
कुठे, ते मी विचारलं नाही.
डावा पाय उरला होता, माझ्या कमरेएवढा.
टाच टेकवली. हात खाली.
पाठीमागे नुसतं आकाश, कड नसलेलं.

बराच वेळ काही वाजलं नाही.
मग काळ्या कापडाखालून आवाज आला,
"मावत नाही गं. जरा मागे सर...
नको. थांब तू. मीच सरकतो."

आणि तीस वर्षांत पहिल्यांदा
त्यांनी तिवई
खाचांतून उचलली.