मिठाची बरणी

फिनलंडच्या पूर्व टोकाला, आमच्या तळ्याकाठी,
पुरुष पन्नाशी बघत नसत.
थोरला दीर युर्यो सेहेचाळीसाव्या वर्षी गेला,
पाइनच्या ओंडक्यावर बसल्या बसल्या, कुऱ्हाड मांडीवर.
मधला गोठ्यात गेला. दुधाची बादली सांडली नव्हती,
इतकी अलगद खाली ठेवून गेला.
तिसरा माझा. औलिस.
त्या हिवाळ्यात त्याला चव्वेचाळीसावं लागलं.

नर्सबाई बर्फावरून स्कीने आली,
पाठीवरच्या पिशवीत रक्तदाबाचं यंत्र.
त्याच्या दंडाला पट्टा आवळला, पारा चढत गेला,
आणि आकडा तिने त्याला नाही, मला सांगितला.
"गोळ्या देते. पण हे लोणी, हे मीठ, ही सिगारेट..."
पुढचं वाक्य तिने कॉफीत बुडवलं.

मी चोरी सुरू केली.
घरात, माझ्याच चुलीपाशी.
सुपात रोज चार दाणे मीठ कमी.
खारवलेली मासळी एक रात्र पाण्यात, मग दोन रात्री,
आणि ते पाणी मागच्या दाराने बर्फात.
राईच्या काळ्या पावावर लोणी एवढंच
की खालची भोकं दिसावीत.
दुधावरची साय शेजारच्या इम्पीच्या मांजराला;
वसंत येईतो ते मांजर दारातून मावेना.

कोबी वाढला तर म्हणाला, हे गाईचं.
गाजर किसलं तर म्हणाला, हे घोड्याचं.
मी म्हटलं, आपल्या गोठ्यातलं कोण
छातीला हात लावून बसलेलं पाहिलंयस?
तो चावत राहिला. बराच वेळ.

ऑगस्टात बेरी खुडायला मी त्याला रानात न्यायला लागले.
बायकांचं काम, तो म्हणाला.
अस्वलं असतात, मी म्हणाले.
अस्वल कधी दिसलं नाही,
पण ओढ्यापलीकडे जाऊन यायचं, वाकायचं, उठायचं,
पुन्हा वाकायचं, जांभळ्या बोटांनी घरी यायचं
आणि न बोलता झोपी जायचं.
घोरणंही कमी झालं. का, ते मला कळत नाही.

सिगारेट मात्र माझ्या हातची नव्हती.
ती त्याची त्यानेच सोडली.
तीन आठवडे दाराशी भांडला, कुत्र्याशी, रेडिओशी.
मग चाकू घेऊन बसला.
त्या हिवाळ्यात घरात एकोणीस लाकडी चमचे झाले,
एकही धड सरळ नाही.

नर्सबाई म्हातारी झाली, तिच्या जागी दुसरी आली,
पाऱ्याच्या जागी चिमुकला पडदा.

परवा सरपणाची खोली आवरली.
बर्चच्या फळ्यांमागे, अगदी तळाशी,
माझी मिठाची बरणी. निळ्या झाकणाची.
त्या पहिल्या हिवाळ्यात ती हरवली म्हणून
मी इम्पीच्या मुलावर आळ घेतला होता.
ओलीने आतलं मीठ दगड झालेलं,
वर एकच खळगा,
बोटाच्या पेराएवढा.

औलिस पायरीवर जाळं सांधत होता.
एक्याऐंशी वर्षांचा, बापापेक्षा म्हातारा, भावांपेक्षा तर किती.
मी बरणी त्याच्यासमोर ठेवली.
त्याने गाठ पुरी केली, मगच बघितलं.
"एकदा चाखलं.
तेवढ्यात खिडकीतून तू दिसलीस,
अंधारात मासळीचं पाणी ओतत होतीस,
हात लालभडक."
एवढंच. पुन्हा जाळं.

म्हणजे पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं.
सदतीस वर्षं मी चोरून वाढलं,
त्याने चोरी सांभाळली.
लोक खाल्ल्या मिठाला जागतात;
हा माणूस न खाल्ल्या मिठाला जागला.

संध्याकाळी बरणी फोडली
आणि मिठाचा तो गोळा
रानाच्या कडेला खुंटावर ठेवला, एल्कसाठी.
आज सकाळी दोघं बघून आलो,
तो पुढे, मी मागे, दोन्ही काठ्या त्याच्याकडे.
गोळ्यावर जिभेची रुंद, ओली वाट होती.
तो म्हणाला, चुलीवर सूप आहे ना?
मी म्हटलं, आहे. अळणी.
तो म्हणाला, मग चल लवकर.