तिसरं जहाज

समुद्र मी वाया गेलेल्या लग्नपत्रिकांवर छापला.
पाठीमागं कुणाच्या तरी हळदीची वेळ,
पुढं उत्तर समुद्र, षटकोनांचा.
निळी शाई सरली म्हणून डेन्मार्ककडं तो जरा हिरवट आहे.
खदीर म्हणतो, पाणी असतं तर दुधना अशीच दिसली असती.

सेलूहून सगळ्यात जवळचा समुद्र
एका रात्रीच्या रेल्वेएवढा लांब.
आम्हा तिघांपैकी कुणीच तो पाहिलेला नाही.

पाणबुडी काही केल्या जमेना.
एकोणीसशे चौदाची पाणबुडी म्हणजे मासा नव्हे,
बुडी मारता येणारी होडी फक्त.
वर असताना रॉकेलवर चालायची, धूर सोडत.
वर तीन घरं, खाली एक,
तेही बॅटरीत जीव असेतो.
पण जी दिसत नाही ती पटावर मांडायची कशी,
जिथं दोघंही देवासारखे वरून बघतात?

शेवटी सहा काळ्या सोंगट्या पालथ्या घातल्या.
एक खरी, पाच खोट्या.
मुंजाजीला हे लगेच कळलं.
दहा वर्षं बोअरच्या गाडीवर होता तो.
"नारळ तळहातावर उभा राहतंय," म्हणाला,
"पाच जागी नुसता फुफाटा, एका जागी पाणी.
अन् पैसे सहाही जागचे."
म्हणून नियम सातवा:
शोधणाऱ्यानं फासा टाकण्याआधी कोळसा मोजावा.

मग बावीस सप्टेंबरची सकाळ.
तीन जुन्या क्रूझर, एका रांगेत, संथ.
पहिलीला धक्का बसला. सुरुंग असेल, असं वाटलं.
दुसरी माणसं उचलायला जवळ आली, थांबली.
मग तिसरी.
दीड तास. चौदाशे एकोणसाठ माणसं.

माझ्या पटावर मात्र कुणी थांबेचना.
अकरा डाव झाले, अकराही वेळा
खदीरनं उरलेली दोन जहाजं सुखरूप घरी नेली.
पुढचं माहीत असलेल्या माणसाकडून
मागचं कसं खेळवून घ्यायचं?
थांबल्यास दोन गुण, लिहिलं. मग पाच. मग आठ.
किराणा दुकानातला माणूस तो, तोंडी हिशेब:
"जहाज वीस गुणांचं आहे, भाऊ."
मग लिहिलं, थांबलंच पाहिजे.
थांबायचा तो बिचारा, गाडी फाटकाला थांबते तसा.

बाराव्या डावाला जहाजं मुंजाजीकडं दिली.
पहिलं पालथं झालं.
त्यानं दुसरं त्याच्या शेजारी नेलं, ठेवलं.
ते गेलं.
तिसऱ्यावर बोट ठेवून बसला.
चहा घेऊन पोरगा आला, गेला.
मग तेही नेलं.

"कामून बे? तुला ठाव हाय ना, खाली कोण हाय ते?"
"हाव."
"मग?"
"माणसं पाण्यात हायत."

खदीरनं फासा मुठीत धरला, टाकला नाही.
मुंजाजी पटाकडंच बघत बोलला.
"आमच्या विहिरीत गाळ काढाया एकजण उतरला,
गपकन खाली बसला. काय झालं म्हणून दुसरा उतरला.
चिमणी सोडून बघायची असती आधी,
इझली की वर यायचं, हे लेकरालाबी ठाव असतंय.
चिमणी माझ्याच हातात होती.
तिसरा आमचा थोरला.
त्याला ते दोघं वरून दिसायलते."

पंखा लाइट गेल्यावर थांबतो तसा हळूहळू थांबला.
"टाक की," तो खदीरला म्हणाला.
खदीरनं टाकला. पाच.

त्या रात्री चौदावा नियम मी खोडला.
जागी दुसरं काही सुचलं नाही.
पुस्तिकेत तिथं दोन ओळी कोऱ्या आहेत,
छपाईची चूक वाटेल कुणाला.

सोंगट्या डब्यात भरताना
तिसरं जहाज पालथंच हाताला लागलं.
कात्रीनं मजकूर मध्येच तोडला होता.
एवढंच उरलं होतं त्यावर,
लाल अक्षरांत, थोडं तिरपं:
अगत्य ये