कोपऱ्यातलं गाव

ये. आधी माइक बंद कर, तुझा पंखा ऐकू येतोय.
नाव सांग. खरं नको, खेळातलं.
"विजेचा राजा ९९"?
बरं.
मी त्सिआला. पोतीच्या बंदरात एकतीस वर्षं क्रेन चालवली.
आता गुडघे चालत नाहीत, म्हणून रात्री राज्य चालवते.

पहिल्या आठवड्यात तलवार घ्यायची नाही.
माहीत आहे, सगळे घेतात.
तू धान्य मोज.
कोठारात किती, वाटेवर किती, उंदरांच्या पोटात किती.
हिवाळ्याला तेरा दिवस उरलेत, माणसं दोनशे चाळीस.
कर भागाकार. कागदावर.
कागद नाही? मग दुकानाच्या पावतीमागे कर,
मी अजून तशीच करते.

क्रेनवर पहिल्या दिवशी मला काहीच उचलू दिलं नव्हतं.
नुसता रिकामा हूक, खाली, वर,
समुद्रावरून वारा, आणि खाली हसणारे हमाल.
संध्याकाळी कळलं की
भरल्या हुकापेक्षा रिकामाच जास्त झुलतो.
हे मी प्रत्येक नव्याला सांगते.
निम्मे तिथेच कंटाळून निघून जातात.

तू गेला नाहीस.
तू मंगळवारी पहाटे चार वाजता
चाळीस घोडेस्वार घेऊन एकटाच निघालास
नकाशाच्या ईशान्य कोपऱ्याकडे,
जिथे एक गाव आहे, भिंत नाही, पहारा नाही,
नदीवर एक लाकडी पूल.
सकाळी सगळ्यांना कळवलंस: जिंकलो!
पुढे तीन फटाके.

कुणीच बोललं नाही.
झुग्दिदीची लामारा, दातांची डॉक्टर,
पेशंटच्या तोंडात हात असतानाही जी उत्तर देते,
ती गप्प.
ते दोघे जुळे, एरवी एकमेकांवर खेकसणारे,
तेही गप्प.
तुला वाटलं असणार, जळतात माझ्यावर.

ते गाव ओटियाचं.
आम्हा सगळ्यांना त्यानेच शिकवलं.
पहिल्या रात्री मी अकरा वेळा हरले
आणि अकराही वेळा तो म्हणाला,
"छान. आता कुठे चुकलं ते बोट ठेवून दाखव."
दोन वर्षांपूर्वी मार्चमध्ये
त्याच्या नावापुढचा हिरवा ठिपका विझला.
मुलीने एका ओळीचा निरोप पाठवला.
त्यात शुद्धलेखनाच्या दोन चुका होत्या, इतकी ती घाईत होती.

या खेळात असं आहे, की कोठार तीस दिवस रिकामं राहिलं
की गाव रान गिळतं.
म्हणून गुरुवारी कुणीतरी तिकडे गाडी हाकतं.
पाळी ठरलेली नाही.
कधी तीन-तीन गाड्या पोचतात, धान्य कुजतं.
कुजू दे.

तुला झापायचं ठरवलं होतं मी.
शब्द जुळवून ठेवले होते, धारदार होते.
मग नकाशा उघडला आणि लक्षात आलं:
तुला खाणी दाखवल्या, खिंडी दाखवल्या,
शत्रूचे सतरा बुरूज नावानिशी सांगितले,
कोपरा दाखवला नाही.
हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते माझंच.

तू लिहिलंस, मी जातो मग, मला काढून टाका.
काय हा वेडेपणा.
पोतं उचल.

आज गुरुवार. वारा इतका की बंदरातल्या क्रेन
सगळ्या थांबवल्यात, एकही हूक हलत नाही.
मी मक्याची भाकरी चहात बुडवते आणि पडद्यावर बघते,
एक गाडी, सोबत एकही स्वार नाही,
लांबच्या वाटेने, डोंगराला वळसा घालून.
जवळचा पूल तूच जाळला होतास ना.

किती पोती, मी विचारलं.
सदतीस, तू म्हणालास, दोन उंदरांची धरून.

पावतीमागे मांडून पाहिलं.
एक कमी पडतंय.
ते उद्या सांगेन.