आधीचा दोन

वेंगुर्ल्याच्या बंदरावर, बर्फाच्या कारखान्याच्या माडीवर
एक जुना सर्व्हर आहे. त्याच्यावर ओलं फडकं घालू नका
असं मी भिंतीवर खडूने लिहिलंय.
तरी कोणीतरी घालतंच.

रापण संघाचं पान त्यात राहतं:
बांगड्याचा भाव, बर्फाच्या लादीचा भाव,
भरती किती वाजता, ओहोटी किती वाजता.
लिहिणारे चौघे. सांभाळणारी मी,
दिवसा झेरॉक्सवाली, रात्री रूट.

पहिल्याच आठवड्यात भांडण.
आंतोनने केलेली फाइल शेवंतीआतेला दिसे,
उघडे, पण सेव्ह होईना.
"लिवूक देणा नाय माका ह्यो!"
यंत्र एवढंच म्हणत होतं, परवानगी नाही.
तिला वाटलं, आंतोननेच तसं सांगून ठेवलंय.
चार दिवस तिने बर्फ शिरोड्याहून मागवला.

मग मोर्ज्यांच्या जयूने उपाय काढला:
सातशे सत्त्याहत्तर. सगळ्यांना सगळं.
मीही दमले होते, करून टाकलं.
नारळी पौर्णिमा झाली, पहिली रापण लागली,
आणि पानावर सुरमईच्या जागी
कुठल्याशा परक्या लिपीत गोळ्यांच्या जाहिराती.
दार उघडं टाकल्यावर कुत्रं शिरलं
तर कुत्र्याला काय बोलणार.

त्या संध्याकाळी वाळूत जाऊन बसले.
रापण ओढत होते. दोन दोर, दोहोंना पंधरा-वीस माणसं.
कोणी दोराला हात लावायचा ते ठरलेलं,
कोणी कुठे उभं राहायचं ते नाही.
बाकीचे बघत होते: पर्यटक, घारी, मी.
जाळं कोणाचं, असं एका पर्यटकाने विचारलं.
कोणी कोणाचं नाव घेतलं नाही.

रात्री गट केला. नाव दिलं, रापण.
मालकाला सात, गटाला सात, बघणाऱ्यांना पाच:
वाचा, आत या, हात लावू नका.
आणि त्या तिघांच्याही आधी एक दोन,
जो पुस्तकात तळटीपेत असतो.
या फोल्डरात जे जन्मेल
ते फोल्डरच्या गटाचं.
मास्कही बदलला, शून्य शून्य दोन,
नाहीतर गट मिळतो आणि लेखणी मिळत नाही,
सुनेला जसं आडनाव मिळतं, सातबारा नाही.

उरली भार्गव कुबलची एक फाइल. भरतीची.
तो मालवाहू जहाजावर गेलाय, ऑइलर म्हणून.
जुलैपासून फोन नाही. कंपनी म्हणते, नेटवर्क.
फाइलीचा मालक तो. गटही त्याच्याच नावाचा,
त्यात तो एकटा.
पान दोन महिन्यांपूर्वीची भरती दाखवत होतं.
खरी भरती रोज पाऊण-एक तास
पुढे सरकत होती.

मालक बदलायला एक ओळ लागते.
टाइप केली. एंटर दाबायच्या आत
मागून शेवंतीआते, जी त्याची सख्खी आते:
"तेचा नाव काडतंस काय गो?"

ओळ खोडली.
फक्त गट बदलला, गटाच्या हाती लेखणी दिली.
मालकाच्या रकान्यात नाव तसंच.

आतेला इंग्रजी अक्षरं येत नाहीत, आकडे येतात.
"खंय आसा तो?"
मी दाखवलं. तिने बोट टेकवलं, थोडा वेळ ठेवलं.
मग त्याच बोटाने एकेक की शोधत
उद्याची भरती घातली. पाच चाळीस.
यादी पुन्हा काढली:
तारीख आजची, नाव त्याचं.
"इलो तर गावतली मा तेका ही?"
गावतली, म्हटलं.

खाली बर्फाचा टेम्पो आला, ती उठून गेली.
पडद्यावर, त्याच्या नावाच्या जरा डावीकडे,
बांगड्याचं एक खवलं चिकटलंय.
पुसलं नाही अजून.
फडकं ओलं असतं.